सांदवाडीचं दार

हिरकन्याचा फोन आला तेव्हा मी साकोलीत
एका प्रिंटरच्या पोटातून मेलेली पाल काढत होतो.
म्हणाली, भाऊ, बाण आपोआप चालते.
मी माऊसले हात नाही लावला, अन् तो जाते, थांबते,
जसा कोणी बसून वाचून राहिला.

बावीस किलोमीटर. अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलेलं,
उरलेल्या अर्ध्यातून मी.
सेवा केंद्राच्या बाकावर सात माणसं, मांडीवर पिशवी,
पिशवीत पिशवी, तिच्यात आधार.

आधी इंटरनेटची वायर उपटली.
ती म्हणाली, आठ दिवसांनी आज सर्व्हर चालू झाला होता ना.
मग समजावायला बसलो आणि अडलो.
बॅकडोर म्हणजे मागचं दार, म्हणून बसलो,
तर तिच्या चेहऱ्यावर भीती कुठून येणार?
आमच्याकडे मागून सांदवाडी,
तिकडून विरजण येतं, भाजीची वाटी जाते,
रुसून गेलेली सून तिकडूनच परत येते.
पुढून येतो तो तलाठी, नाहीतर मीटर वाचणारा.
आपला माणूस मागूनच.
हाही मागूनच आला, म्हटलं, आणि आपला होऊन राहिला.

यादी उघडली, आत काय काय चालू आहे त्याची.
बोटानं दाखवत खाली आलो:
हे विंडोजचं, हे प्रिंटरचं, हे अंगठ्याच्या मशीनचं.
आणि हे बघ. नाव घरातल्याच माणसाचं,
फक्त मधे एक अक्षर जास्त.
रोज रात्री पावणेतीनला उठतो,
लांबच्या कुठल्या पत्त्यावर हाक देतो,
तिकडून जे सांगतील ते करतो.

एका अक्षरानं? हिरकन्या म्हणाली,
आणि बाकाकडे पाहिलं.
तिथं सत्यफुला बारसागडे, तिसऱ्यांदा आलेली.
आधारवर तिच्या फ ला पहिला उकार, बँकेत दुसरा,
तेवढ्यावर तिचे पैसे मार्चपासून अडलेले.
तिला उंबऱ्यावर थांबवलं,
याला आत पाट मांडून दिला.

मारला. परत उठला.
सुरुवातीच्या यादीतून काढला, वेळापत्रकातून काढला,
मशीन बंद करून चालू केली,
हा आपल्या जागी, जसा कुठं गेलाच नव्हता.
शेवटी म्हटलं, सगळं पुसावं लागेल.
कागद तेवढे बाहेर काढू, तेही एकेक तपासून.
पासवर्ड सगळे बदल, पण या मशीनवरून नाही.
तिनं वहीत खूण केली.
मग विचारलं, अन् अंगठे?
गावानं ठेवले इथं. ते कसे बदलायचे?
मी म्हटलं, ते मशीन अंगठ्याला कुलूप लावूनच पुढे पाठवते म्हणतात.
म्हणतात हा शब्द माझ्याच कानाला टोचला.

पुसण्याआधी तारीख पाहिली, तो आत आला त्याची.
अकरा जानेवारी, दुपारी एक दहा,
मराठी टायपिंगच्या फुकट सॉफ्टवेअरसोबत.

अकरा जानेवारीला मी इथंच होतो.
तिनं डबा उघडून अर्धा मला दिला होता,
लाखोरीची डाळ, भात.
खिशात हात गेला. पेनड्राइव्ह तिथंच, लाल दोरी बांधलेला,
चौदा गावांत तेच टाकून आलोय मी,
पैसे न घेता,
आपला माणूस म्हणून.

काय झालं, तिनं विचारलं.
सांगितलं.

बराच वेळ ती काही बोलली नाही.
पंखा तेवढा कुरकुरत होता.
मग वहीचं पान फाडून पुढे केलं:
लिहा, गावं.

सानगडी, लिहिलं. विर्शी. कुंभली.
चौथ्या नावाला पेन अडला, तेवढ्यात
बाकावरून आवाज आला,
माजा नाव झाला का वो, पोरी?